सदुसष्ट अक्षरांची माती

सुदर्शन शेळकेला कुणी सलग अर्धा तास एका जागी बसलेलं पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं, आपण त्याला नारळ-टोपी देऊ. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ एका पिठाच्या गिरणीच्या वर त्याची दहा बाय बाराची खोली होती. तीच कचेरी, तेच घर. एक कॉम्प्युटर, दोन मोबाइल, एक माठ, आणि खालून दिवसभर गिरणीची घरघर. या खोलीतून हा पठ्ठ्या दिवसाला चाळीस-पन्नास हजार लोकांना मेसेज पाठवायचा.

धंद्याचं नाव 'बल्क एसेमेस'. म्हणजे तुम्ही दुपारी जरा डोळा लावावा, उशाशी फोन गुरगुरावा, दचकून बघावं तर 'शेंद्र्याजवळ एनए प्लॉट, एअरपोर्ट पाच मिनिटांवर, आजच बुक करा.' तो पाठवणारा आपला सुदर्शन. एअरपोर्ट पाच मिनिटांवर असायला तुमच्याकडं विमानच पाहिजे, पण ते जाऊ द्या. बीएस्सी झाला, एमपीएससीला दोनदा बसला, एका क्लासमध्ये शिकवलं, आणि त्याच क्लासच्या जाहिरातीचे मेसेज पाठवता पाठवता या धंद्यात घुसला. दोन हजार तेराचं साल. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि पाणी चारी बाजूंनी आटत होतं. ज्या रस्त्यानं टँकर आत यायचे त्याच रस्त्यानं प्लॉटवाले बाहेर जायचे. दोघंही सुदर्शनची गिऱ्हाइकं.

या धंद्यात सगळी मारामारी अक्षरांची. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका मेसेजात एकशे साठ अक्षरं बसतात. मराठीत लिहिलं तर फक्त सत्तर. बरं, सत्तर म्हणजे आपली सत्तर नव्हेत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, मधली मोकळी जागासुद्धा वेगळी. एकाहत्तरावं अक्षर पडलं की कंपनी दोन मेसेजचे पैसे लावते. शाळेत गुरुजींनी शुद्धलेखनासाठी कान पिळले होते, आता एकेका कान्यासाठी खिसा पिळला जायचा. म्हणून सुदर्शनला शब्द कापायची सवय लागली आणि ती सवय हाडात गेली. रस्त्यानं जाताना 'येथे थंड पाण्याचे जार मिळतील' अशी पाटी दिसली की हा चरफडायचा, "येथे कशाला? जार काय जालन्याला मिळणार हायेत? पाच अक्षरं फुकट घालवली!"

लोक मात्र त्याच्या नावानं बोटं मोडायचे. मेसेजखाली गिऱ्हाइकाचा नंबर असायचा, पण लोक कुठून तरी याचाच नंबर काढायचे आणि आईबहिणीवरून सुरू व्हायचे. एका रिटायर प्राध्यापकानं तर रोज सकाळी सात वाजता फोन करून शिव्या द्यायचा नेमच धरला होता, अगदी शुद्ध मराठीत. त्यापायी सुदर्शननं एक नियम केला. अनोळखी नंबर दिसला की कट. पुन्हा आला, पुन्हा कट. "दुसऱ्याला छळणारा माणूस स्वतः किती जपून राहतो बघा," असं खालचा गिरणीवाला म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त चिडायचा तो त्याचा बाप.

आप्पासाहेब शेळके. गाव धोंडखेडा, करमाडपासून आत सहा किलोमीटर. वय चौसष्ट, आवाज असा की विहिरीच्या तळाशी बोलला तरी वेशीवर ऐकू जावं. बाकी तीन पोरींची लग्नं झालेली, हा एकुलता मुलगा. "काय करतो तुमचा सुदर्शन?" असं कुणी विचारलं की आप्पासाहेब म्हणायचे, "लोकांच्या खिशात खडे टाकतो." सुदर्शन सणाला घरी आला की, "ये बाबा, तुझा मेसेज आल्ता. म्या न वाचताच पुसला." पोराला ते झोंबायचं. बाकीच्या जगानं शिव्या दिल्या तरी त्याला पाय हलवण्यापलीकडं काही होत नव्हतं, पण बापाचं ते 'न वाचताच' त्याला झोपू द्यायचं नाही. आपण पाठवलेला एक तरी मेसेज या माणसानं वाचावा, एवढीच त्याची मागणी होती.

तशी वेळ आली मे महिन्यात. धोंडखेड्याचा पाझर तलाव पार कोरडा पडला. तळाला दोन-दोन हात काळीभोर माती साचलेली. कागदोपत्री तिला गाळ म्हणतात, पण गावात कुणी गाळ म्हणत नाही, माती म्हणतात. ही माती मुरमाड रानावर टाकली की रान सोनं होतं. आप्पासाहेबांनी तहसीलला खेटे घालून उचलायची परवानगी आणली, आणि शेंद्र्याच्या एका कंपनीकडून पोकलेन मशीन दोन दिवसांसाठी फुकट मिळवलं. त्यामुळं गावात त्या मातीला नावच पडलं, आप्पासाहेबांची माती. "आप्पाची माती कवा हाय?" "आप्पाच्या मातीला येनार का?" सगळं गाव आठ दिवस हेच बोलत होतं.

मशीनवाला फकिरा नावाचा माणूस होता, कमी बोलणारा आणि घड्याळाकडं बघणारा. त्यानं आदल्या दिवशी संध्याकाळी मशीन तलावात उतरवलं आणि स्वच्छ सांगितलं, "उद्या दुपारपस्तोर तीस ट्रॉल्या लागल्या नाय, तर म्या मशीन पुढच्या गावाला नेनार. साहेबाचा हुकूम हाय." गावात ट्रॅक्टर सातच. बाकीचे सगळे आसपासच्या खेड्यांतल्या भाऊबंदांकडं, पाहुण्यांकडं. त्यांना रातोरात सांगायचं कसं?

रात्री आठ वाजता आप्पासाहेबांनी पोराला फोन केला. स्वतःहून केलेला हा फोन किती महिन्यांनी आला होता, ते सुदर्शनलाच ठाऊक.

"तुझ्या त्या मशिनीतून आपल्या समद्या लोकायला मेसेज जातो का रं?"

"जातो ना!"

"मग लिव्ह. आप्पासाहेबानं तलावातली काळी माती भरायला काढली हाय, उद्या सकाळी दहाला समद्यानी ट्रॅक्टर-ट्रॉली घिऊन यावं. आन खाली तुझं नाव टाक. नायतर लोक म्हनतील प्लॉटवाला हाय, आन पुसतील."

"टाकतो आप्पा."

"तीस ट्रॉल्या नाय आल्या तर मशीन जातंय, ध्यानात ठिव. म्या आज हितंच मशीनपाशी झोपतो." एवढं बोलून फोन कट झाला. गावात दोन दिवस लाइट नव्हती, बॅटरी संपली असणार.

सुदर्शनला काय आनंद झाला म्हणता! बापानं काम सांगितलं, आणि वर 'तुझं नाव टाक' म्हणाला. यादी तयारच होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना केलेली, चारशे बारा नंबर. आधी गावातली भावकी, मग आसपासच्या खेड्यांतले, मग लेकींच्या सासरचे, आणि सगळ्यात शेवटी आईच्या माहेरचे, कन्नडकडचे. खात्यात मेसेज शिल्लक होते सहाशे. नवे भरायचे तर पुण्याचा एजंट सकाळी अकराला दुकान उघडणार. म्हणजे मेसेज एकातच बसला पाहिजे. दोन झाले तर चारशे बाराचे आठशे चोवीस होणार, आणि शंभरावर लोक तसेच राहणार.

त्यात दुसरी गोम. असले मेसेज रात्री नऊ ते सकाळी नऊ पाठवता येत नाहीत, सरकारी नियम. लोकांची झोप मोडू नये म्हणून. घड्याळात साडेआठ वाजलेले.

बसला कापायला. 'ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन' हे शब्द म्हणजे नुसती जोडाक्षरांची जत्रा, ते उडवले. माती न्यायला माणूस काय पिशवी आणणार आहे? 'काळी' उडवलं. तलावातली माती काळीच असते. 'तलावातली' उडवून पुढं 'तलावावर' घातलं. 'शेळके' उडवलं, आप्पासाहेब एकच. 'सकाळी' उडवलं. मोजलं, त्र्याहत्तर. पुन्हा उडवलं. स्वतःच्या नावाला हात लावला नाही. खिडकीशी जाऊन आला, पाणी प्याला, परत बसला. आठ बावन्नला पडद्यावर हे होतं:

'आप्पासाहेब यांची माती उद्या १० वा. तलावावर. सर्वांनी यावे. -सुदर्शन'

सदुसष्ट अक्षरं. तीन शिल्लक! यानं हवेत मूठ मारली आणि बटण दाबलं.

आता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा, लावा. आपल्या मराठवाड्यात माणूस गेला की त्याची काय असते? माती असते. "किती वाजता माती हाय?" म्हणूनच आपण विचारतो. सुदर्शन काय विलायतेत वाढलेला नव्हता, पन्नास मात्यांना स्वतः जाऊन आलेला होता. पण आठ दिवस आप्पाची माती, आप्पाची माती ऐकून कान बधिर झालेले, आणि नजर होती कोपऱ्यातल्या आकड्यावर. त्यानं अक्षरं मोजली, वाचली नाहीत. कितीतरी दिवसांनी तो त्या रात्री पाय न हलवता झोपला.

खेड्यांत लोकांनी मेसेज पहाटे उठल्यावर बघितला, आणि साडेपाचला पहिला फोन आला. धोंडिबाकाका, शेजारच्या गावचे चुलते.

"सुदर्शन... आरं आसं कसं झालं रं येकाएकी?"

"काय झालं काका?"

"दोन दिवसामागं तर बाजारात भेटला व्हता. चांगला वांगे घेत व्हता रं..." आणि काका हमसून रडायला लागले.

सुदर्शनला आधी वाटलं काकूचं काही झालं. मग त्यानं दुसऱ्या फोनवर स्वतःचा मेसेज उघडला. वाचला. पुन्हा वाचला. "काका, काका, आहो आप्पा ठणठणीत हायेत! ती मातीची माती! तलावातली!" काकांना ते पटायला दहा मिनिटं गेली, आणि पटल्यावर त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या सत्तर अक्षरांत बसणाऱ्या नव्हत्या.

मग फोनची रांगच लागली. एकाला सांगेपर्यंत दोघं मागं. बापाचा फोन बंद. यानं लगोलग खुलासा लिहायला घेतला आणि बटण दाबलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, आता जाणार नाही, नऊ वाजता या. सव्वासहा वाजलेले! रात्री लोकांची झोप मोडू नये म्हणून केलेला नियम, आणि इथं अख्खा तालुका रडत उठलेला. गावाकडं जावं तर खुलासा कोण पाठवणार? न जावं तर लोक कोण थांबवणार? जिन्यापर्यंत गेला, परत आला. चप्पल घातली, काढली. शेवटी बसला. ओळखीचा नंबर दिसला की उचलायचा आणि तेच तेच सांगायचा. त्यातच सात वाजता एक अनोळखी नंबर आला. प्राध्यापक नवीन नंबरावरून सुरू झाले असणार, असं म्हणून यानं कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. सात-आठ वेळा आला. शेवटी वैतागून यानं तो नंबर ब्लॉकच करून टाकला.

नऊच्या ठोक्याला खुलासा पाठवायला घेतला. 'आप्पासाहेब जिवंत आहेत. माती म्हणजे तलावातली माती. ट्रॅक्टर आणा. -सुदर्शन' मोजलं, तर दोन अक्षरं जास्त. डोकं चालेना. काय काढू? 'जिवंत' काढता येत नाही, 'ट्रॅक्टर' काढून कालच हात पोळले. यानं स्वतःचं नाव काढलं आणि बटण दाबलं. मग ध्यानात आलं, शिल्लक आहेत एकशे अठ्ठ्याऐंशीच. यादीतल्या वरच्या तेवढ्यांना गेला. खालचे कोण राहिले, हे बघायलाही तो थांबला नाही. मोटारसायकल काढली आणि जालना रोडला लागला.

दहाला पाच कमी असताना तलावावर पोचला आणि बघतो तर काय, जत्रा. जीप भरून लोक, छोटा हत्ती टेम्पो भरून लोक. पांढऱ्या टोप्या, पांढरी उपरणी, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया. खुलासा कुणी वाचलाच नव्हता. खाली नाव नाही, लोकांना वाटलं प्लॉटवाला. घराला कुलूप बघून सगळे तडक इकडं आलेले. गावचे सात ट्रॅक्टर अजून यायचे होते, आणि बाहेरून आलेल्या एकाही माणसाजवळ ट्रॅक्टर नव्हता. खाली कोरड्या तळात फकिरा मशीनच्या सावलीत बसून घड्याळ बघत होता, आणि मशीनच्या पलीकडून आप्पासाहेब हातात तांब्या घेऊन येत होते. एवढी माणसं उतरताना बघून त्यांनी तांब्या ठेवला, डोक्याची टोपी काढली आणि गंभीर आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

एक बाई किंचाळली. दोघं-तिघं मागं सरले. धोंडिबाकाका तेवढे पुढं आले (त्यांना खरं कळलेलं, घरी ट्रॅक्टर पाठवायला सांगून आले होते) आणि म्हणाले, "तू गेलास, आप्पा. दहाला माती हाय तुझी. तुझ्याच पोरानं कळवलं."

काय झालं ते कळायला आप्पासाहेबांना थोडा वेळ लागला. सुदर्शन मान खाली घालून पुढं आला, मेसेज दाखवला. आता कानाखाली बसते, अशी त्यानं तयारीच ठेवली होती. आप्पासाहेबांनी फोन लांब धरून मेसेज वाचला. पहिल्यांदाच वाचला. मग जे हसू फुटलं! खाली बसून, मांडी थोपटून हसले. आणि उभं राहून त्या आवाजात ओरडले, "आरं आलाच हाईत तर आता जाता कुठं? मूठमाती द्यायला आलतात ना? मंग मूठभर कामून, ट्रॉलीभर उचला! लावा घरी फोन, मागवा ट्रॅक्टर!"

आधी एक हसला, मग सगळे. रडून आलेली माणसं हसायला लागली की आवरत नाहीत. टोप्या सरळ करून लोकांनी फोन लावले. साडेअकरापर्यंत बत्तीस ट्रॉल्या तलावात उतरल्या. फकिरानं घड्याळ खिशात घातलं. मशीनचा पंजा मातीत घुसला आणि काळीभोर ढेकळं ट्रॉलीत धबाधबा पडायला लागली. पांढऱ्या धोतरांची पार काळी धोतरं झाली.

आप्पासाहेब पोराजवळ आले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय बी म्हना, माझ्या पोराचा मेसेज वाचला बरं का लोकायनं! चारशे मानसं हालवली!"

सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रॉल्यांना रस्ता दाखवत तो नुसता इकडून तिकडं पळत होता. एवढा खूश तो बीएस्सी झाल्यावरही नव्हता.

साडेबाराच्या सुमाराला, वाटेत दोनदा पंक्चर झालेली कन्नडकडची एक जीप तलावाच्या पाळूवर, म्हणजे बांधावर, येऊन थांबली.

त्याची आई साळूबाई चार दिवसांपूर्वी भावाकडं, कन्नडला गेली होती. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सुदर्शनच्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. आधी मामा उतरला, कडुबामामा, डोळ्यावर हिरवी पट्टी. खाली आप्पासाहेबांना मातीनं बरबटलेलं बघून तो जीपचं दार धरून तसाच उभा राहिला. "आरं, जीपवाल्याच्या फोनवरून सकाळपासून तुला लावतोय," तो सुदर्शनला म्हणाला, "माझ्या फोनात बॅलन्स नवता. तू उचलनास." मग दोन बायांनी धरून साळूबाईला उतरवलं.

कपाळ कोरं होतं. पुसल्याचा लालसर डाग तेवढा राहिलेला. दोन्ही हात मोकळे, आणि उजव्या मनगटावर काच लागून रक्त सुकलेलं. चाळीस वर्षांत त्या हातांत बांगडी नाही असा एक दिवस गेला नव्हता.

फकिरानं मशीन बंद केलं. आप्पासाहेब चढ चढून वर आले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. साळूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. हात पुढं करून त्यांच्या दंडाला लावला, दाबून बघितला, दोनदा. मग तिथंच पाळूवर बसली. पदराखाली हात झाकून घेतले. रडली नाही.

सुदर्शन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "आई, ती तलावातली माती व्हती गं. शब्द कापताना... म्या सकाळी खुलासा धाडला व्हता. तुमच्यापस्तोर आला नाय. यादीत कन्नड शेवटी..." बोलता बोलता तो थांबला, ती त्याच्याकडं बघत होती.

"बाया म्हनल्या, साळूबाई, थांब जरा, फोन लागू दे, खरं-खोटं कळू दे," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "आजकाल काय बी मेसेज येतेत म्हनल्या. म्या भाचीला परत वाचाया लावला. म्हनलं, खाली कोनाचं नाव हाय बघ. ती म्हनली, सुदर्शन."

तिनं पदर अजून पुढं ओढला.

"दुसऱ्या कोनाचं नाव आसतं ना बाबा, तर म्या बांगडी फोडली नसती."